बँकॉकची रंगीत तालीम

दोन पिशव्यांत मिळून त्रेचाळीस वस्तू होत्या. नयनानं त्या सतरंजीवर मांडून दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा त्रेचाळीसच आल्या. पण त्यासाठी सेफ्टी पिनांचं पाकीट एक वस्तू धरावं लागलं. गुरुप्रसादचं म्हणणं पडलं की पाकिटात बारा पिना आहेत, तेव्हा त्या बारा वस्तू. मग चिवड्याची मोजणी कशी करायची, असं नयनानं शांतपणे विचारलं, आणि पाकीट एकच धरावं असं ठरलं.

त्या त्रेचाळिसांत एक होकायंत्र होतं, कपडे वाळत घालायची दोरी होती, तुरटीचा खडा होता, मगात बुडवून पाणी उकळायची विजेची कॉइल होती, टॉर्च, थर्मामीटर, दोन छत्र्या, डासांच्या उदबत्त्या, मीठ-साखरेच्या पुड्या आणि मेतकुटाची बरणी होती. यातलं काहीही दोह्यात लागत नाही. १९८३ सालच्या फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता दोह्यात ना पाऊस होता ना डास. पण सामान दोह्यासाठी नव्हतंच. ते बँकॉकसाठी होतं. दोह्यात त्याची फक्त तालीम व्हायची होती.

हे जरा समजावून सांगायला हवं. गुरुप्रसाद गॅसच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणजे यंत्रावर विश्वास न ठेवण्याचा पगार घेणारा माणूस. नवा प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, आला की तो लगेच लाइनवर, म्हणजे चालू पाइपवर, चढवत नाहीत. आधी टेबलावर, खात्रीच्या दुसऱ्या गेजशेजारी ठेवून तपासतात. ही सवय तो घरी घेऊन आला होता. लग्नानंतर नाशिकहून आणलेला कुकर त्यानं पहिल्यांदा नुसतं पाणी घालून तीन शिट्ट्यांपर्यंत चालवला आणि मगच नयनाच्या ताब्यात दिला.

नयना फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. दोह्यात येऊन तिला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत तिनं जे शहर पाहिलं ते सगळं गाडीच्या काचेतून, ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं. अशातच गुरुप्रसादच्या ऑफिसातला एक स्कॉटिश माणूस पाठीवर पिशवी टाकून बँकॉकला जाऊन आला आणि त्यानं भिंतीवर चादर लावून सगळ्यांना स्लाइड्स दाखवल्या. रस्त्यांच्या जागी कालवे, कालव्यांत होड्या, होड्यांत भाजीची मंडई. नयनानं त्याला अकरा प्रश्न विचारले. त्याला चारांची उत्तरं आली. उरलेली सात आपण स्वतः जाऊन आणावीत असं तिला त्या रात्रीपासून वाटू लागलं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

आडवं येत होतं नाशिक. मे महिन्यात गुरुप्रसादला पंचेचाळीस दिवसांची सुट्टी मिळायची आणि ती सासूबाईंनी आधीच वाटून टाकलेली होती. गेल्या सुट्टीत नयनानं एकोणतीस घरी बसून पोहे खाल्ले होते. या वेळी सिन्नर आणि येवल्याचीही घरं वाढली होती. सुट्टीतले पहिले दहा दिवस बँकॉकला द्यावेत ही तिची मागणी गुरुप्रसादनं फेटाळली नाही. तो इतकंच म्हणाला की न तपासलेली वस्तू आपण लाइनवर चढवत नाही. एक पूर्ण दिवस दोह्यालाच बँकॉक समजायचं, पाठीवर पिशव्या घ्यायच्या आणि परक्या माणसांसारखं शहर बघायचं. अट एकच, सगळं पायी. कुठल्याही वाहनात बसलो की चाचणी नापास, आणि मग पंचेचाळीसच्या पंचेचाळीस दिवस नाशिक. निकाल त्याच संध्याकाळी.

नयनाला अट फार सोपी वाटली. पायी चालण्यात अवघड ते काय?

पहिली अडचण जिन्यातच भेटली. वरच्या मजल्यावरच्या शशिकला वहिनी मूळच्या दादरच्या, पण दोह्यात त्यांना नऊ वर्षं झाली होती, आणि इथल्या मराठी मंडळींत कोणाकडे काय चाललंय हे त्यांना त्या त्या घरातल्यांच्या आधी कळायचं. त्यांनी दोघांच्या पाठीकडे पाहिलं. एक पिशवी त्या स्कॉटिश माणसाकडून उसनी आणलेली खाकी रंगाची होती; दुसरी गल्लीतल्या शफीक टेलरनं गाडीवर घालायच्या ताडपत्रीतून शिवलेली, भडक नारिंगी. सामान कुठे चाललंय, असं वहिनींनी विचारलं. फिरायला, असं नयना म्हणाली. गाडीला काय झालं? काही नाही. मग आमची घेऊन जा, आमचे हे अजून अंथरुणातच आहेत, त्यांना उठवते. नको, आम्हाला चालायचंच आहे. यावर वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ नयना, काही असेल तर आपल्या माणसांना सांगायचं. लपवायचं नाही."

काही नाहीये, असं नयनानं हसून सांगितलं. हसून सांगितलेली गोष्ट वहिनींना कधीच खरी वाटत नसे.

ओल्ड एअरपोर्टच्या रस्त्याला तेव्हा फूटपाथ नव्हता. रस्ता संपला की वाळू सुरू. शुक्रवारची सकाळ म्हणजे सगळी दुकानं बंद आणि रस्ते मोकळे. चौकाच्या गोलाला वळसा घालण्याआधी गुरुप्रसादनं होकायंत्र काढून दिशा बघितली. समोर समुद्र दिसत होता आणि दोह्यात समुद्र पूर्वेलाच असतो, पण बँकॉकमध्ये तसं नसेल, म्हणून बघितली. तेवढ्यात मागून एक पिकअप आली आणि त्यांच्याशेजारी थांबली. मागे एक शेळी उभी होती. आत पांढऱ्या दाढीचा एक कतारी म्हातारा.

"गाडी खराब?" त्यानं हिंदीतच विचारलं.

ला, शुक्रन, म्हणजे नको, आभारी आहे, असं गुरुप्रसाद म्हणाला आणि चालू लागला. पिकअपही चालू लागली, त्यांच्याच वेगानं. म्हाताऱ्याची खात्री पटत नव्हती. त्यानं तरुणपणी मुंबईत मोत्यांच्या दलालाकडे दोन हंगाम काढले होते, त्यामुळे हिंदी बऱ्यापैकी यायचं आणि हिंदी माणसाबद्दल आपलेपणाही होता. नयनाला मोत्यांचं कळताच ती खिडकीशी सरकली. मोती निवडतात कसे, हा प्रश्न तिला कितीतरी दिवस पडलेला. चाळण्यांनी, असं तो म्हणाला. एकावर एक पितळी चाळण्या, वरची मोठ्या भोकांची, खालची लहान. जो मोती ज्या चाळणीत अडेल तो त्या भावाचा. भोकं किती मिलिमीटरची, असं नयनानं विचारलं. म्हाताऱ्याला मिलिमीटर ठाऊक नव्हते, पण त्यानं बोटांची नखं दाखवून सगळी मापं सांगितली. गुरुप्रसाद मागून एवढंच बजावत होता की बोलायला हरकत नाही, हात दरवाजाला लागता कामा नये.

अशी एक किलोमीटर वरात गेली. शेवटी म्हाताऱ्यानं गाडी थांबवली.

"बंबई में सब लोग पैदल," तो म्हणाला. "इधर पैदल कौन चलता? जिसका कोई नहीं." मग त्यानं नयनाकडे बघून विचारलं, "तुम्हारा कोई नहीं?"

आहेत, खूप आहेत, असं नयनानं घाईनं सांगितलं. त्यानं तिच्या हातात खजुरांची पिशवी ठेवली आणि शेळीसह निघून गेला.

ती फक्त सुरुवात होती. पाव पोचवणारी व्हॅन थांबली. दोन टॅक्सीवाले थांबले. शाळेची एक रिकामी बस थांबली. एका केरळी नर्सनं समोरच्या बाजूनं पाहिलं, ती पुढच्या गोलापर्यंत गेली, वळून परत आली आणि थांबली. गुरुप्रसाद प्रत्येकाला नो थँक्यू म्हणत होता आणि प्रत्येक जण व्हाय म्हणत होता. पहिल्यांदा त्यानं व्यायाम असं सांगून पाहिलं. लोक त्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघत. मग शहर बघतोय असं सांगून पाहिलं. लोक आजूबाजूच्या वाळूकडे बघत. नयनानं थांबलेल्या गाड्या मोजायला सुरुवात केली. त्यात काही हेतू नव्हता. मोजता येण्यासारखं काही दिसलं की ती मोजायची. काही गाड्या मात्र न थांबता नुसत्या हळू होत आणि आतून ओळखीची मराठी तोंडं वळून बघत. शुक्रवारी सकाळी अर्धं मराठी दोहा मासळीबाजाराला निघतं, हे ते दोघं विसरले होते.

आणि तरीही, एवढं सगळं होऊन, मजा येत होती. काचेतून नुसता पिवळा दिसणारा रस्ता पायांखाली वेगळाच निघाला. एका बंद दुकानाच्या फळीवर पाच भाषांत ‘बंद’ लिहिलेलं होतं. धक्क्याला लागलेल्या लाकडी होड्यांच्या फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून वर कसलंसं तेल लावलेलं होतं. नयनानं ते बोटाला लावून वास घेतला, माशाचं निघालं. एका इराणी भट्टीत रोटी आतल्या भिंतीला उभी चिकटवत होते. ती गळून का पडत नाही यावर दोघं तिथे थबकले. ओल्या पिठाचा चिकटपणा, असं नयना म्हणाली. वाफेनं खालची बाजू लगेच सुकते, असं गुरुप्रसाद म्हणाला. भट्टीवाल्यानं दोघांचं बोलणं एक अक्षर न कळता ऐकून घेतलं आणि एक रोटी फाडून अर्धी अर्धी दिली.

सूकपर्यंत ते पायी पोचले. सूक म्हणजे जुना बाजार, आणि तोही बंद. हातगाड्यांवर हमाल झोपले होते. पण कडेच्या मोकळ्या जागेत नमाजाच्या आधी थोडा वेळ काही बायका चटया टाकून बसत. त्यातल्या एकीच्या नाकावर इथल्या जुन्या बायका घालतात तो चोचीसारखा काळा-सोनेरी मुखवटा होता आणि पुढे काळ्याकुट्ट वाळलेल्या लिंबांचा ढीग. नयना तिच्यासमोर उकिडवी बसली. लिंबू काळं का? बाईचं नाव मुनीरा. तिला थोडं हिंदी यायचं. तिनं एक लिंबू फोडून आतला भाग दाखवला, मग हातवाऱ्यांनी सांगितलं की आधी खारट पाण्यात उकळायचं, मग उन्हात इतकं ठेवायचं की आत खडखड वाजायला लागेल. तिनं वाजवून दाखवलं. नयनानंही एक वाजवलं.

आता माझी पाळी, असं मुनीरा म्हणाली. तुझ्या पाठीवर काय आहे?

प्रश्नाला प्रश्न हा व्यवहार नयनाला रास्त वाटला. तिनं पिशवी उघडली आणि एकेक वस्तू चटईवर काढून ठेवली. मुनीराला सगळ्याचंच कुतूहल. तुरटी तिनं ओळखली. कॉइलवर बराच वेळ गेला. मग तिनं गुरुप्रसादच्या पिशवीकडे बोट दाखवलं, आणि तीही चटईवर रिकामी झाली.

माणसं जमली. हमाल उठून आले. होकायंत्र कसंही फिरवलं तरी सुई उत्तरच का दाखवते हे एकानं विचारलं, आणि गुरुप्रसादच्या अंगात मास्तर संचारला. प्लांटवरच्या शिकाऊ मुलांना समजावतो तसा तो मोठ्या आवाजात, हात हलवून, एक वस्तू उचलून, खाली ठेवून, दुसरी उचलून समजावू लागला. समजावणारा माणूस आणि विकणारा माणूस यांत लांबून काही फरक दिसत नाही. जवळूनही दिसत नसावा, कारण एका पठाणानं त्याच्या खिशात पाच रियालची नोट खोचली आणि टॉर्च घेऊन तो चालू लागला. गुरुप्रसाद त्याच्यामागे धावला आणि परत आला तेव्हा टॉर्च त्याच्या हातात होता, नोट पठाणाच्या हातात होती, आणि चटईपाशी बलदियाचा इन्स्पेक्टर उभा होता. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका.

लायसन्स, असं इन्स्पेक्टर म्हणाला.

आपण इंजिनिअर आहोत, असं गुरुप्रसादनं सांगितलं. इन्स्पेक्टरनं प्लास्टिकच्या मगाकडे बघितलं, सेफ्टी पिनांकडे बघितलं, पुन्हा गुरुप्रसादकडे बघितलं. इंजिनिअरला हे विकायची पाळी आली, एवढाच अर्थ त्यानं घेतला असावा, कारण त्याचा सूर मवाळ झाला. पण लायसन्स ते लायसन्स. उद्या कफीलच्या माणसाला घेऊन ऑफिसात या. कफील म्हणजे ज्याच्या नावावर परदेशी माणूस इथे राहतो तो; गुरुप्रसादच्या बाबतीत त्याची कंपनीच. उद्या आपला मुदीर, म्हणजे मॅनेजर, बलदियाच्या बाकावर बसून आपल्यावरचा सेफ्टी पिना विकल्याचा आरोप ऐकतोय, हे चित्र गुरुप्रसादच्या डोळ्यांसमोर उभं राहिलेलं नयनाला स्पष्ट दिसलं. त्याच मुदीरच्या टेबलावर सुट्टीचा अर्ज सहीसाठी पडलेला होता. बँकॉकच काय, नाशिकही हातचं जायची वेळ आली.

तेवढ्यात इन्स्पेक्टरनं मेतकुटाची बरणी उचलली. पिवळी पूड, वर लेबल नाही. हे काय, असं त्यानं विचारलं. मेतकूट कोणत्याही परक्या भाषेत सांगता येत नाही. "पावडर," गुरुप्रसाद म्हणाला, "विथ राइस." इन्स्पेक्टरचा चेहरा बदलला. नयनानं पुढे होऊन बरणी उघडली आणि सरळ बोट बुडवून चाटलं. मुनीरानं तिच्याकडे पाहिलं, स्वतःचं बोट बुडवलं, मुखवट्याखालून आत नेलं आणि थोडा विचार केला. मग ती इन्स्पेक्टरकडे वळली आणि अरबीत बराच वेळ बोलली. आई मुलाला बोलते तसं. ही माझी पाहुणी आहे, यांनी काही विकलं नाही, असा एकंदर आशय असावा. पण नयनाला त्यातला एकच शब्द नीट कळला, तो म्हणजे मजनून. मजनून म्हणजे खुळा. मुनीरा तो शब्द गुरुप्रसादकडे हात करून तीनदा म्हणाली, आणि प्रत्येक वेळी इन्स्पेक्टरची मान अधिकाधिक सहानुभूतीनं हलली.

आपण खुळे नाही हे सांगायला गुरुप्रसादनं तोंड उघडलं. नयनानं त्याचा पाय दाबला. सात प्रश्नांची उत्तरं त्या एका पायाखाली होती.

खलास, असं इन्स्पेक्टर म्हणाला. नमाजाची वेळ होत आली होती आणि दोन खुळ्यांना भर बाजारात मोकळं सोडणं त्याला पटेना. त्यानं रस्त्यावर जाऊन हात केला आणि पहिलं जे वाहन थांबलं त्याच्यात दोघांना बसायला लावलं. तो गोड्या पाण्याचा टँकर होता.

नियमात हे बसत नाही, असं गुरुप्रसाद पायरीवर एक पाय ठेवून म्हणाला. नयना म्हणाली की सरकारी सक्तीनं झालेला प्रवास, प्लांटमधली वीज गेल्यासारखा धरावा. त्यानं चाचणी थांबते, नापास होत नाही. गुरुप्रसादला यावर विचार करायला वेळ हवा होता. इन्स्पेक्टरनं तो दिला नाही.

ड्रायव्हरनं दोघांना वर घेतलं, कपाळाला हात लावला आणि गिअर टाकला. आतल्या आरशाला लोकरीचा छोटा, भंडाऱ्यासारख्या पिवळ्या रंगाचा गोंडा लटकत होता. नयनानं सहज विचारलं, "तुम्ही मराठी का?"

टँकर रस्त्यातच थांबला.

"जतचा हाय मी, ताई. जालिंदर," तो म्हणाला. "आन तुमी? ह्ये काय झालं वो तुमाला?"

काही झालं नाही हे पटवण्यात दहा मिनिटं गेली आणि ती फुकट गेली. जालिंदर गावी बायको-मुलं ठेवून सहा वर्षं इथे टँकर चालवत होता आणि पाठीवर बोचकं बांधून रस्त्यानं चालणारा नवरा-बायकोचा जोडा त्यानं एकाच कारणासाठी बघितलेला होता. कंपनीनं काढलेला माणूस. त्यानं गुरुप्रसादला शिक्षण विचारलं. बी.ई., असं गुरुप्रसाद म्हणाला.

"चालंल," जालिंदर म्हणाला. "लिव्हता येतंय म्हंजे बरंच हाय. आमच्या मुदीरला पंपावर हेल्पर पायजे. मी बोलतो. लाजू नगा, सायेब. कुणावर बी येळ येती."

गुरुप्रसाद खिडकीबाहेर बघू लागला. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. नयनानं ओठ दाबून हसू आवरलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाहेरचं शहर संपलं आहे. वाळू, तारा, लांबवर खजुरांची रांग. टँकर उम्म सलाल मोहम्मद या गावाला चालला होता. पाणी दुपारच्या आत शेतावर पोचवायचं होतं आणि परतणं चारनंतर. तुमाला रस्त्यात कसं सोडू, असं जालिंदर म्हणाला. तिथून घर किती लांब, असं गुरुप्रसादनं विचारलं. लांब, असं उत्तर आलं. चालत? यावर जालिंदरनं नयनाकडे असं पाहिलं, जणू बाईमाणसाला असल्या नवऱ्याबरोबर दिवस काढावे लागतात याचं त्याला वाईट वाटत होतं.

शेताच्या कडेला पत्र्याच्या खोलीत जालिंदर आणि आणखी पाच जण राहत. शुक्रवारचा कोंबडीचा रस्सा शिजत होता आणि त्यांच्यातला बाजीराव नावाचा गवंडी परातीत बाजरीच्या भाकऱ्या थापत होता. या खोलीत बाई कधीच जेवायला आलेली नव्हती. एकदम सगळ्यांनी शर्ट घातले. कुठून तरी एक खुर्ची आली आणि नयनाला तिच्यावर बसवलं; बाकी सगळे खाली. नयना खुर्चीवरून उतरून बाजीरावशेजारी बसली आणि भाकरी पाण्याच्या बोटांनी का फिरवतात, पापुद्रा एकाच बाजूला का सुटतो, खाऱ्या पाण्यात पीठ मळलं तर काय होतं, हे सगळं तिनं विचारून घेतलं. तीन भाकऱ्या थापल्या, त्यातल्या दोन गोल आल्या. बँकॉकच्या स्लाइड्स दाखवणाऱ्या त्या माणसाला चार उत्तरं आली होती. बाजीरावला सगळी आली. गुरुप्रसादनं चार भाकऱ्या खाल्ल्या. त्यानंतर पंपावरच्या हेल्परला ओव्हरटाइम किती मिळतो हे त्याला तिघांनी समजावून सांगितलं आणि त्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

परतीला टँकर थेट इमारतीच्या दारात येऊन उभा राहिला. रखवालदार इकबालला वाटलं पाणी आलं. त्यानं धावत जाऊन टाकीचं झाकण उघडलं आणि पाणी नाही म्हटल्यावर तो वाद घालू लागला. त्या आवाजानं गॅलरीतून सगळे खाली बघू लागले. पाण्याच्या टँकरमधून पाठीला पिशव्या लावलेले गुरुप्रसाद आणि नयना उतरताना संपूर्ण इमारतीनं पाहिलं.

घरात शशिकला वहिनी, त्यांचे यजमान नंदू आणि आणखी तीन कुटुंबं बसलेली होती. वहिनींकडे दुसरी किल्ली असे. सकाळपासून त्यांना पाच फोन आले होते. पहिल्या फोनला यांची गाडी बिघडली होती. तिसऱ्या फोनला ती विकली गेली होती. पाचव्याला, म्हणजे सूकमध्ये सामान मांडून बसलेलं कोणीतरी पाहिल्यावर, नोकरी गेली होती आणि कंपनीनं घर खाली करायला सांगितलं होतं. टेबलावर बटाटेवडे होते, पुलाव होता, दोन प्रकारची खीर होती. नंदूनं गुरुप्रसादला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या बँकेत एक जागा रिकामी असल्याचं सांगितलं. दिवसभरातली ही दुसरी नोकरी होती आणि पहिलीपेक्षा पगार कमी होता. वहिनींच्या मुलीनं, मालविकानं, जिला मराठी सगळं कळायचं पण जी उत्तर इंग्रजीतच द्यायची, समोर येऊन विचारलं, "अंकल, आर यू पुअर नाऊ?"

शेवटी गुरुप्रसादनं सगळ्यांना बसवून बँकॉकची हकिकत पहिल्यापासून सांगितली. मग नंदू म्हणाला, नोकरी गेली असती तर समजता तरी आलं असतं. वडे मात्र संपले.

मंडळी गेल्यावर गुरुप्रसाद खुर्चीत बसला आणि त्यानं बूट काढले. नयना समोर उभी राहिली. निकाल त्याच संध्याकाळी, असं ठरलेलं होतं.

नापास, असं तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण गेज काय दाखवतो ते दाखवतो. जाताना सक्ती होती हे एक वेळ मान्य. परत येताना नव्हती. चाललो सहा किलोमीटर, टँकरमध्ये बसलो पन्नासाच्या वर. आपण पायी शहर बघू शकत नाही.

"आपण की दोहा?" नयना म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"आज एकोणीस गाड्या थांबल्या," ती म्हणाली. "आपल्याकडे बघून थांबल्या की दोह्यातल्या गाड्या कोणासाठीही थांबतात, तुम्ही सांगा बघू."

"ते कसं सांगता येईल?"

"नाही ना येत? तुम्ही प्लांटवर गेज तपासता ते दुसऱ्या गेजशेजारी ठेवून. इथे दुसरा गेज कुठे होता? एका वाचनावर कोणी गेज नापास करतं का हो?"

स्वतःच्याच टेबलावर स्वतःला कोणी तपासायला ठेवलं की माणसाचा चेहरा होतो तसा गुरुप्रसादचा झाला होता. नयना हलली नाही. पंचेचाळीस दिवस आणि येवल्याचे पोहे तिच्या मागे उभे होते.

"म्हणजे दुसरं वाचन घ्यायला पाहिजे," तो हळूहळू म्हणाला.

"दुसऱ्या शहरात," ती म्हणाली. "पिशव्या त्याच, माणसं तीच, अंतर साधारण तेवढंच."

"थांबलेल्या गाड्या तू मोजशील?"

"मोजते."

त्यानं उठून भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान वर केलं.

दुसरं वाचन तेरा मे रोजी, शुक्रवारी, बँकॉकमध्ये घेण्यात आलं. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. चाललेलं अंतर अकरा किलोमीटर. भाडं मागायला थांबलेल्या रिक्षा आणि होड्या मोजणीत धरलेल्या नाहीत. आपणहून थांबलेली वाहनं: शून्य.